एकसारख्या अनेक संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीमची स्वयंचलित प्रस्थापना : ‘छायाप्रत’ आणि ‘उत्तरपत्रिका’ या दोन पद्धतींचा विचार

बीजशब्द : ऑपरेटिंग सिस्टीम, प्रस्थापना, पीएक्सई, डिस्क इमेज, प्रीसीड, संगणक प्रयोगशाळा

प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा वर्षातून किमान दोन वेळा नव्याने सिद्ध करावी लागते. एकदा शैक्षणिक वर्षाच्या आरंभी आणि दुसऱ्यांदा विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षांपूर्वी. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आलेले असतात, कोणी खेळ भरून ठेवलेले असतात, एखाद्या संगणकावरील कंपायलर निकामी झालेला असतो. अशा वेळी हार्ड डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम व आवश्यक सॉफ्टवेअर पुन्हा प्रस्थापित करणे, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात ते काम, प्रयोगशाळा साहाय्यकाच्या वाट्याला येते. एका संगणकापुरते ते अवघड नाही. साठ संगणक असले की मात्र त्याचे स्वरूप पालटते. एका संगणकास दीड तास लागतो आणि हाताशी चार पेनड्राइव्ह आहेत असे मानले तरी पंधरा फेऱ्यांना साडेबावीस तास लागतात, म्हणजे कामाचे तीन दिवस सहज जातात. या वेळात श्रम थोडे आणि खोळंबा फार अशी स्थिती असते, कारण प्रस्थापना करणारा प्रोग्राम दर काही मिनिटांनी थांबून प्रश्न विचारतो. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे विभाजन कसे करावे, संकेतशब्द काय ठेवावा, या प्रश्नांची तीच उत्तरे साठ वेळा द्यावी लागतात.

वेळेच्या अपव्ययापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळी आहे. साठ वेळा हाताने केलेले काम साठही वेळा सारखे होत नाही. तेविसाव्या संगणकावर डेटाबेसची जुनी आवृत्ती राहते, सदतिसाव्यावर मराठी कीबोर्ड चालू करावयाचा राहून जातो. प्रात्यक्षिक परीक्षेत आसन क्रमांकानुसार ज्या विद्यार्थ्यास तो सदतिसावा संगणक मिळतो, त्याची पहिली वीस मिनिटे स्वतःची चूक नसताना वाया जातात. परीक्षेची वेळ सर्वांना सारखी दिलेली असते, पण साधन सारखे दिलेले नसते. स्वयंचलित प्रस्थापनेकडे केवळ श्रम वाचविण्याची युक्ती म्हणून न पाहता या दृष्टीने पाहणे योग्य ठरेल.

या कामाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एका संगणकावर सर्व काही नीट बसवून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत इतरांवर उतरविणे ही पहिली. तिला येथे ‘छायाप्रतीची पद्धत’ म्हटले आहे. प्रस्थापनेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवणे व प्रत्येक संगणकास ती वाचून स्वतःची प्रस्थापना स्वतः करू देणे ही दुसरी. तिला ‘उत्तरपत्रिकेची पद्धत’ म्हणता येईल. पहिली पद्धत आपल्याकडे अधिक रूढ आहे. तथापि महाविद्यालयासारख्या संस्थेसाठी दुसरी पद्धत अधिक हितावह आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दोन्ही पद्धतींचा पाया मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे नेटवर्कवरून संगणक सुरू होणे.

नेटवर्कवरून होणारी सुरुवात

ज्या संगणकाच्या डिस्कवर काहीच नाही, तो सुरू तरी कसा व्हावा? या प्रश्नाचे आज सर्वत्र वापरले जाणारे उत्तर म्हणजे पीएक्सई, अर्थात प्रीबूट एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट. इंटेल कंपनीच्या पुढाकाराने तयार झालेल्या या मानकाची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील घटक मात्र त्याहून जुने आहेत. फाईल पाठविण्याचा टीएफटीपी हा साधा प्रोटोकॉल १९८० च्या दशकाच्या आरंभीचा आहे. १९८५ साली बूटपी आला आणि त्याच्याच पायावर १९९३ मध्ये डीएचसीपी प्रोटोकॉल उभा राहिला. पीएक्सईने नवे फारसे काही शोधले नाही. जुन्या प्रोटोकॉलांची सांगड घालून ती नेटवर्क कार्डावरील चिपमध्ये बसविली, इतकेच. पुष्कळ टिकाऊ तंत्रे अशीच जन्मास येतात.

घडते ते असे. संगणक चालू होताच नेटवर्क कार्ड संपूर्ण नेटवर्कला उद्देशून हाक देते की, आपणास पत्ता हवा आहे आणि आपण पीएक्सई जाणतो. डीएचसीपी सर्व्हर त्यास आयपी पत्ता देतो आणि सोबत दोन गोष्टी कळवितो : पुढील फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय. संगणक टीएफटीपीद्वारे ती छोटी फाईल आणतो व चालवितो. हा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, पुढे लिनक्सचे कर्नल आणि प्रस्थापनेसाठी लागणारी तात्पुरती फाईलप्रणाली आणतो. तेथून प्रस्थापना सुरू होते. पेनड्राइव्ह, डीव्हीडी यांपैकी कशाचीही गरज राहत नाही.

टीएफटीपी हा मुद्दाम अगदी साधा ठेवलेला प्रोटोकॉल आहे. मूळ स्वरूपात तो एका वेळी ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवितो आणि तो पोहोचल्याची पोच येईपर्यंत थांबतो. तुकड्याचा क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे मूळ नियमांनुसार सुमारे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी फाईल पाठविणे शक्य नव्हते. तुकड्याचा आकार वाढविण्याची सोय १९९५ मध्ये झाली. तरीही मोठ्या फाईली एचटीटीपीने पाठवाव्यात आणि टीएफटीपीकडे केवळ पहिले पाऊल सोपवावे, हेच श्रेयस्कर. आयपीएक्सई हा मुक्त बूटलोडर नेमके हेच करतो. स्वतः टीएफटीपीने येतो आणि नंतरचे सर्व एचटीटीपीने आणतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की टीएफटीपीमध्ये ओळख पटविण्याची कोणतीही व्यवस्था नाही. जो मागेल त्याला फाईल मिळते.

सिसलिनक्स संचातील पीएक्सलिनक्स या बूटलोडरची एक युक्ती प्रयोगशाळेसाठी फार उपयोगाची आहे. सूचनांची फाईल शोधताना तो संगणकाच्या मॅक पत्त्याच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या जन्मजात क्रमांकाच्या, नावाची फाईल मागतो. ती न मिळाल्यास आयपी पत्त्याचे षोडशमान पद्धतीतील आठ अक्षरी रूप घेऊन त्या नावाची फाईल मागतो. तीही नसेल तर शेवटचे अक्षर गाळून पुन्हा मागतो, मग आणखी एक गाळून, असे करीत शेवटी ‘डिफॉल्ट’ या नावाच्या फाईलवर येतो. आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा म्हणजे षोडशमानातील शेवटची दोन अक्षरे होत. म्हणजेच पहिल्या सहा अक्षरांच्या नावाची फाईल ठेवली की ती त्या संपूर्ण प्रयोगशाळेस लागू होते. संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेला एक फाईल, वाणिज्य विभागाच्या प्रयोगशाळेला दुसरी, आणि एखाद्या हट्टी संगणकासाठी त्याच्या मॅक पत्त्याची तिसरी, अशी व्यवस्था कोणतेही महागडे सॉफ्टवेअर न घेता होते. संख्यापद्धती शिकविताना विद्यार्थ्यांना दाखविण्यासही हे उदाहरण चांगले आहे.

अडचणी येतात त्या येथेच. महाविद्यालयाच्या नेटवर्कवर आधीच एखादा डीएचसीपी सर्व्हर असतो, बहुधा इंटरनेटच्या राउटरमध्येच. त्याच नेटवर्कवर दुसरा सर्व्हर उभा केला तर दोघेही उत्तरे देऊ लागतात आणि कार्यालयातील संगणकांना चुकीचे पत्ते मिळतात. यावर उपाय म्हणून पत्ते वाटण्याचे काम जुन्याच सर्व्हरकडे ठेवून केवळ बूटची माहिती देणारा ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ चालविता येतो. डीएनएसमास्क या छोट्या मुक्त प्रोग्राममध्ये ही सोय आहे. दुसरी अडचण जुन्या-नव्या संगणकांच्या मिश्रणाची. जुन्या बायोस पद्धतीच्या आणि नव्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकांना वेगवेगळे बूटलोडर लागतात. संगणक आपला प्रकार हाक देतानाच कळवीत असतो. सर्व्हरला तो पाहून योग्य फाईल देण्यास सांगितले की प्रश्न सुटतो. पण हे ठाऊक नसल्यास अर्धे संगणक सुरू होतात, अर्धे होत नाहीत, आणि दोष केबलींना दिला जातो.

छायाप्रतीची पद्धत

छायाप्रतीच्या पद्धतीस लोकप्रियता मिळाली ती ‘घोस्ट’ या प्रोग्राममुळे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास तो तयार केला. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला. पुढे कित्येक वर्षे डिस्कची प्रत काढणे याला ‘घोस्ट करणे’ हाच शब्द रूढ होता. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे स्थान आज ‘क्लोनझिला’ने घेतले आहे. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग या संस्थेत त्याचा विकास झाला. डिस्कवरील फाईलप्रणाली ओळखीची असेल तर तो केवळ वापरलेले भागच उचलतो. ५०० गीगाबाइटच्या डिस्कवर ३० गीगाबाइट भरलेले असतील तर तेवढेच उतरतात.

या पद्धतीचा खरा जोर मल्टिकास्टमध्ये आहे. समजा, प्रत १२ गीगाबाइटची आहे आणि नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिटचे आहे. पूर्ण वेग गृहीत धरला तरी सेकंदाला १२.५ मेगाबाइट जातात, म्हणजे एका संगणकास १६ मिनिटे. साठ संगणकांनी स्वतंत्रपणे मागणी केली तर सर्व्हरच्या एकाच तारेतून सगळे जावे लागत असल्याने १६ तास लागतील. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच पाठवितो आणि साठही संगणक एकाच वेळी ऐकतात. वेळ पुन्हा १६ मिनिटांवर येतो. सेकंदाला एक गीगाबिटच्या नेटवर्कवर हेच आकडे ९६ मिनिटे आणि दीड मिनिट असे होतात. प्रत्यक्षात डिस्कचा वेग आड येतो, त्यामुळे इतके चांगले आकडे दिसत नाहीत. शिवाय सर्वांत मंद संगणक सर्वांना आपल्या गतीने चालावयास लावतो. एक खराब केबल एकोणसाठ संगणकांना रखडविते. तरीही पन्नाससाठ संगणक अर्ध्यापाऊण तासात सिद्ध होताना पाहणे हा प्रयोगशाळा साहाय्यकासाठी समाधानाचा प्रसंग असतो, आणि ही पद्धत सहजासहजी का सुटत नाही हे त्यावरून कळते.

हुबेहूब प्रतीचा दोष तिच्या हुबेहूबपणातच आहे. संगणकाला जी ओळख स्वतंत्र असावयास हवी तीही प्रतीबरोबर उतरते. लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राचा एक ‘मशीन आयडी’ असतो आणि एसएसएच सेवेच्या गुप्त किल्ल्या असतात. प्रत काढण्यापूर्वी त्या पुसल्या नाहीत तर साठही संगणकांच्या किल्ल्या एकच होतात. काही वितरणांमध्ये डीएचसीपीला दिली जाणारी ओळखही मशीन आयडीवरूनच तयार होते, त्यामुळे साठ संगणक एकाच आयपी पत्त्यावर हक्क सांगू लागतात. नेटवर्क मधूनमधून तुटते आणि कारण मात्र सापडत नाही.

विंडोजमध्ये याच प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. प्रत्येक यंत्रास एक सुरक्षा ओळखक्रमांक असतो, त्यास ‘सिड’ म्हणतात. प्रतींमध्ये तो सारखाच राहू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘सिसप्रेप’ हे साधन दिले. प्रत काढण्यापूर्वी ते चालविले की यंत्राची व्यक्तिगत ओळख पुसली जाते व पुढच्या सुरुवातीस नवी तयार होते. ज्यांना ते किचकट वाटे ते मार्क रसिनोविच यांचा ‘न्यूसिड’ हा छोटा प्रोग्राम वापरीत. नोव्हेंबर २००९ मध्ये खुद्द रसिनोविच यांनीच सारख्या सिडमुळे प्रत्यक्षात अपाय होत नाही, असे सांगून न्यूसिड मागे घेतला. त्यानंतर सिसप्रेपचा कंटाळा करणाऱ्यांना एक आधारच मिळाला. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत धोरण मात्र सिसप्रेप करावे असेच राहिले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अद्यतनांनंतर विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ या आवृत्त्यांमध्ये सारख्या सिडच्या यंत्रांना एकमेकांकडे ओळख पटविता येईना. सामायिक फोल्डर उघडेना, दूरस्थ जोडणी होईना. सोळा वर्षे निरुपद्रवी मानलेली टाळाटाळ अशी अंगाशी आली.

परवान्याच्या बाबतीतही असेच होते. संस्थांसाठीच्या ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’ या व्यवस्थेत संस्थेचा सर्व्हर किमान पंचवीस वेगवेगळे विंडोज संगणक मोजल्यावरच त्यांना मान्यता देऊ लागतो. सिसप्रेप न करता काढलेल्या प्रतींची त्या व्यवस्थेतील ओळख एकच असते. साठ संगणक विनंती करतात, सर्व्हर मात्र एकच मोजतो, आणि कोणालाच मान्यता मिळत नाही. परवाने रीतसर विकत घेऊनही पडद्यावर ‘अॅक्टिव्हेट करा’ अशी सूचना झळकत राहिली तर पहिली शंका येथे घ्यावी.

हे सर्व दोष काळजी घेतल्यास टाळता येतात. न टाळता येणारा दोष वेगळाच आहे. छायाप्रत वाचता येत नाही. बारा गीगाबाइटच्या त्या फाईलमध्ये काय आहे, कोणते सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे आहे, कोणती मांडणी का बदलली, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ते ज्याने ती तयार केली त्याला ठाऊक असते. कंत्राटी साहाय्यकाची मुदत संपली किंवा नियमित साहाय्यकाची बदली झाली की मागे उरते ती ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशा नावांच्या दोन फाईलींची डिस्क. अभ्यासक्रम बदलून एक नवे सॉफ्टवेअर घालावयाचे झाले तर ती प्रत एका संगणकावर उतरवावी लागते, बदल करावा लागतो आणि पुन्हा प्रत काढावी लागते. जुने दोष तसेच आत राहतात. चार-पाच वर्षांनी अशा प्रतीत नेमके काय साचले आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्तरपत्रिकेची पद्धत

दुसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर प्रथम युनिक्सच्या जगात रुजली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये ‘जम्पस्टार्ट’, रेड हॅटमध्ये ‘किकस्टार्ट’, सुसेमध्ये ‘ऑटोयास्ट’ ही तिची रूपे होत. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात टॉमस लांगे यांनी १९९९ पासून विकसित केलेली ‘एफएआय’, म्हणजे पूर्ण स्वयंचलित प्रस्थापना ही प्रणाली याच वर्गातील असून तिचा उगम विद्यापीठाच्या आवारातला आहे, हे लक्षणीय आहे. विंडोजमध्येही एनटीच्या काळापासून ‘अनअटेंड’ नावाची उत्तर-फाईल आहे. व्हिस्टापासून ती एक्सएमएल स्वरूपात लिहिली जाते. उबंटू सर्व्हरने २०.०४ या आवृत्तीपासून ‘ऑटोइन्स्टॉल’ ही नवी पद्धत स्वीकारली. नावे निरनिराळी असली तरी कल्पना एकच असल्याने येथे डेबियनच्या ‘प्रीसीड’चेच उदाहरण घेतले आहे. भारतात सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही डेबियनवरच आधारलेली असल्याने ते आपल्याकडे अनोळखी वाटू नये.

डेबियनमध्ये प्रस्थापनेच्या वेळी विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न एका ठरावीक नावाने नोंदविलेला असतो. प्रीसीड फाईलमधील प्रत्येक ओळ म्हणजे एका प्रश्नाचे नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर. भाषा, कालविभाग, डिस्कचे विभाजन, वापरकर्ता, सॉफ्टवेअर संचांची यादी, सर्व काही अशा ओळींत मावते. अखेरीस ‘लेट कमांड’ म्हणून एक ओळ असते. प्रस्थापना संपताना चालवावयाच्या आज्ञा तेथे देता येतात. सर्व मिळून शंभराच्या आसपास ओळी होतात. छापल्या तर दोन-तीन पानांत बसतात, प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चिकटविता येतात आणि ओळीच्या आरंभी विशिष्ट चिन्ह घालून बदलाचे कारणही तेथेच लिहून ठेवता येते. बारा गीगाबाइटच्या न वाचता येणाऱ्या प्रतीपुढे ही दोन-तीन पाने ठेवून पाहिली म्हणजे दोन पद्धतींमधील फरक अधिक सांगावा लागत नाही.

मराठीचेच उदाहरण पाहता येईल. देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड यांसाठी लागणाऱ्या दोन-तीन पॅकेजांची नावे सॉफ्टवेअरच्या यादीत एकदा लिहिली की ती साठही संगणकांवर येतात. हाताने काम करताना नेमकी हीच गोष्ट ‘नंतर करू’ म्हणून मागे पडते आणि मराठी विभागाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की त्याला लिहिता येत नाही.

अर्थात ही पद्धत पहिल्याच दिवशी यशस्वी होत नाही. तिचे काही खोडकर नियम आहेत. प्रीसीड फाईल नेटवर्कवरून आणावयाची असेल तर ती येण्यापूर्वीच नेटवर्क चालू व्हावे लागते, त्यामुळे सुरुवातीच्या काही प्रश्नांची उत्तरे फाईलमध्ये लिहून उपयोग नसतो. ती बूटलोडरच्या ओळीत द्यावी लागतात. प्रश्नाच्या नावात एक अक्षर चुकले तर प्रस्थापक तक्रार करीत नाही. ती ओळ निमूटपणे दुर्लक्षिली जाते आणि संगणक त्या प्रश्नावर येऊन उत्तराची वाट पाहत थांबतो. एका दृष्टीने ही सोयच आहे, कारण पडद्यावर थांबलेला प्रश्न कोणती ओळ चुकली हे नेमके सांगतो. पहिल्या दिवशी एकाच संगणकावर सात-आठ वेळा प्रयत्न करण्याची तयारी ठेवावी.

संकेतशब्द फाईलमध्ये साध्या अक्षरांत कधीही लिहू नये. प्रीसीडमध्ये त्याचे हॅश रूप देण्याची सोय आहे. तरीही ती फाईल नेटवर्कवरील कोणासही वाचता येते हे विसरून चालणार नाही. विंडोजच्या उत्तर-फाईलमध्ये संकेतशब्द लपविला जातो तो केवळ दुसऱ्या वर्णसंचात मांडून. ते कुलूप नव्हे, पडदा आहे. म्हणून प्रयोगशाळेतील संगणकांचा व्यवस्थापकीय संकेतशब्द कार्यालयातील संगणकांहून वेगळाच असावा.

प्रत्येक संगणकास स्वतंत्र नाव कसे मिळावे? डीएचसीपी सर्व्हरवर मॅक पत्ता आणि नाव यांची जोडी नोंदविली की प्रस्थापक ते नाव आपोआप घेतो. साठ मॅक पत्ते गोळा करणे हे मात्र हाताने करावयाचे काम आहे. त्यासाठी प्रत्येक संगणकापुढे वही घेऊन बसण्याची गरज नाही. आसन क्रमांकाच्या क्रमाने एकेक संगणक चालू करीत गेले की सर्व्हरच्या नोंदीत मॅक पत्ते त्याच क्रमाने येतात.

वेगाच्या बाबतीत ही पद्धत छायाप्रतीच्या मागे पडते, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक संगणक आपली पॅकेजे स्वतः आणून उलगडतो. प्रत्येकी २ गीगाबाइट धरले तर साठ संगणकांना १२० गीगाबाइट लागतात. सेकंदाला ५० मेगाबिटच्या जोडणीवर ते इंटरनेटवरून आणण्यास पाच तासांहून अधिक वेळ लागेल आणि तोवर महाविद्यालयाचे बाकी सर्व काम ठप्प होईल. यास्तव सर्व्हरवर पॅकेजांचा साठा करणारा मध्यस्थ प्रोग्राम बसवावा. ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हा त्यासाठीच आहे. एकदा आणलेले पॅकेज तो स्वतःजवळ ठेवतो व पुढील एकोणसाठ संगणकांना तेथूनच देतो. इंटरनेटवरून २ गीगाबाइटच येतात, उरलेले प्रयोगशाळेच्या तारांमध्येच फिरते.

‘एकसारखे’ संगणक किती एकसारखे असतात?

कागदोपत्री साठ संगणक एकाच प्रकारचे असतात. प्रत्यक्षात ते दोन-तीन वर्षांच्या खरेदीत आलेले असतात, त्यांतील काहींच्या डिस्क बदललेल्या असतात, काहींची नेटवर्क कार्डे. विंडोज एक्सपीच्या काळात वेगळ्या मदरबोर्डवर उतरविलेली प्रत सुरू होतानाच निळ्या पडद्यावर अडकत असे. आज ते प्रमाण कमी झाले आहे. उत्तरपत्रिकेची पद्धत येथे अधिक लवचीक ठरते, कारण प्रत्येक संगणकावर प्रस्थापक स्वतः हार्डवेअर तपासून त्यास योग्य असे ड्रायव्हर घेतो.

एक ठिकाण मात्र तिलाही जपावे लागते. कोणती डिस्क पुसावयाची हे फाईलमध्ये नावाने लिहिलेले असते. जुन्या साटा डिस्कचे नाव ‘एसडीए’, नव्या एनव्हीएमई डिस्कचे नाव वेगळे. एखाद्या संगणकास मागे विसरलेला पेनड्राइव्ह जोडलेला असेल तर ‘एसडीए’ हे नाव त्यालाच मिळण्याचा संभव असतो, आणि मग ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवर प्रस्थापित होते. त्याच डिस्कवर विंडोजही राखावयाचे असेल, जसे आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळांत असते, तर विभाजनाच्या ओळी दोनदा तपासाव्यात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे संगणक अनेक ठिकाणी लिनक्सकडे वळविणे भाग पडले. अशा संगणकांवर जुने विंडोज ठेवावे की काढावे हा निर्णय फाईल लिहिण्यापूर्वीच व्हावा.

एका आज्ञेचे सामर्थ्य

जी व्यवस्था न विचारता साठ डिस्क भरू शकते ती न विचारता साठ डिस्क पुसूही शकते. अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात मे २०१४ मध्ये विंडोज ७ ची प्रस्थापना चुकून आवारातील सर्व विंडोज संगणकांकडे पाठविली गेली. त्यांत लॅपटॉप होते, मेजावरचे संगणक होते आणि सर्व्हरही होते. चूक लक्षात येताच ती आज्ञा देणारा सर्व्हर बंद करण्यात आला, पण तोपर्यंत त्या सर्व्हरची स्वतःची डिस्कही नव्याने फॉरमॅट झाली होती. तेथे तज्ज्ञांची कमतरता नव्हती. आज्ञा कोणाला उद्देशून आहे हे ठरविणारी एक यादी चुकली, एवढेच.

लहान प्रमाणावर हाच प्रसंग कोणत्याही प्रयोगशाळेत घडू शकतो. संगणकांत पहिला क्रम नेटवर्कचा लावलेला असेल आणि सर्व्हरवरील ‘डिफॉल्ट’ फाईलमध्ये प्रस्थापना हाच पहिला पर्याय असेल, तर प्रस्थापना संपवून संगणक पुन्हा सुरू होतो, पुन्हा नेटवर्ककडे वळतो आणि पुन्हा स्वतःस पुसून घेतो. सायंकाळी चालू ठेवलेली प्रयोगशाळा सकाळपर्यंत हेच करीत राहते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या दालनातील संगणक त्याच नेटवर्कवर सुरू झाला तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको. म्हणून ‘डिफॉल्ट’ फाईल नेहमी संगणकास स्वतःच्या डिस्कवरून सुरू होण्यास सांगणारीच असावी. ज्यांची प्रस्थापना करावयाची आहे त्यांच्यापुरतीच, मॅक पत्त्याच्या नावाने, वेगळी फाईल ठेवावी आणि काम होताच ‘लेट कमांड’मधून सर्व्हरला कळवून ती काढून टाकावी. शक्य असल्यास प्रयोगशाळेचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे करावे. प्रथम एक संगणक, मग एक रांग, मग संपूर्ण प्रयोगशाळा हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नये. परीक्षेच्या आदल्या सायंकाळी तर काहीच बदलू नये.

फाईल एकदा लिहून झाली की काम कायमचे संपले असेही नाही. १० जून २०२३ रोजी डेबियन १२ प्रसिद्ध झाली तेव्हा मुक्त नसलेले फर्मवेअर एका स्वतंत्र विभागात हलविण्यात आले आणि प्रस्थापना माध्यमातही ते समाविष्ट झाले. जुन्या फाईलींमध्ये त्या विभागासाठीची ओळच नव्हती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिट संगणकांसाठी प्रस्थापकच उरला नाही. प्रयोगशाळेतील जुने संगणक त्या जातीचे असतील तर त्यांची फाईल १२ व्या आवृत्तीचीच ठेवावी लागते, आणि ती तशी का ठेवली आहे हे पुढे येणाऱ्या साहाय्यकासाठी त्याच फाईलच्या पहिल्या ओळीत, तारखेसह, लिहून ठेवावे लागते.